निकाली गठ्ठे

४ ऑगस्ट, बोर्ली पंचतन
हे मिलिंदच्या हाती पडलंच तर – बाळा, चष्मा तुझ्या कपाळावर आहे. आणि मी तुझी आई, बोर्लीत असते. विसरला असशील म्हणून आठवण केली.

तोंड माझं, बोटं नातीची. प्राची महाडला होस्टेलवर, फोनवर ऐकून लिहिते. मधेच "आजी, हळू". मी काय पळतेय?

साहेबांचे, म्हणजे मिलिंदच्या बापाचे, गठ्ठे आज माळ्यावरून खाली काढले. जज्ज होते तेव्हा एकेका खटल्याचं मनातलं सगळं स्वतःच्या हातानं लिहायचे, फडक्यात बांधायचे. आता ते नाहीत, गठ्ठे आहेत. भिंतीकडचे ओलीनं फुगलेत. एकाला वाळवी. हात लावला की पीठ.

६ ऑगस्ट
मुंबईहून कॉलेजच्या बाई आल्या. गठ्ठ्याला शिवायच्या आधी हातमोजे चढवले. म्हटलं, "बाई, अजून विटाळ होतो का आमचा?" बिचारी लालेलाल. मी हसले तेव्हा कुठं हसली. घामानं कागद खराब होतो म्हणे.

म्हणाल्या, निकाल कोर्टात मिळतील, पण ते देताना साहेबांचा जीव किती टांगणीला लागला ते फक्त इथं आहे. नेऊन सुकवतील, फोटो काढतील, मग कुणीही बघावं.
"कुणीही म्हणजे मीपण?"
"प्राची वाचून दाखवेल ना, आजी."

साहेब घरात बोलले थोडं. सगळं कागदाला सांगितलं. आणि कागद काय मला ओळख देत नाही. प्राचीच्या तोंडून का होईना, ऐकेन म्हणते. एवढंच.

९ ऑगस्ट
बाई गाडी आणणार. प्राचीनं फोनवर शेवंताला सांगितलं. शेवंता माझी धाकटी जाऊ, घरात अक्षर लागतं ते तिलाच. "छोटी आजी, ज्यांच्यावर निकाली लिहिलंय ते आधी बाजूला काढ." तेच मोठे मोलाचे. खटला संपल्यावर, आपण चुकलो की काय, असं मागं वळून लिहिलेले.

१० ऑगस्ट
आंघोळीचं पाणी आज कढत. ओरडले, "शेवंते, लग्न लावतेस का माझं?"
बाहेरून म्हणते, "निकाली ते निकालात काढले, जाऊबाई. बंबात घातले. ओले होते, नुसते धुमसत होते. मग लागले."
तांब्या माझ्या डोक्यावर होता. पाणी अर्धं ओतलेलं.

प्राची, पुढचं आज नको लिहूस.

१२ ऑगस्ट
शेवंता जेवत नाही. "मला वाटलं, नको झालेले." एवढंच धरून बसलीय.
कुणाला बोलू? शब्द साहेबांचा, अक्षर साहेबांचं. तिनं वाचलं तसं केलं. मी तर तेवढंही वाचलं नसतं. साहेबांच्या फोटोकडे बघितलं. ते तिथंही गप्पच.

१४ ऑगस्ट
बाई आल्या. राख बघून मोरीच्या उंबऱ्यावरच बसल्या. मग म्हणाल्या, उरलेले तरी द्या. माझा अंगठा घेतला. पण मुलाचीही सही पाहिजे, त्याशिवाय गाडीत ठेवता येत नाही.

मिलिंदला फोन. न्हावा शेव्याला कंटेनरच्या दणदणाटात. "बघतो, आई. या आठवड्यात जमत नाही."
"तू बघेपर्यंत वाळवी वाचून काढेल रे."
ऐकूच गेलं नाही त्याला.

गाडी रिकामी गेली. मी अंगणात, अंगठा निळा.

१७ ऑगस्ट
आणखी एक फुगला. गठ्ठे खाटेवर घेतलेत, मी जमिनीवर. कुठला आधी वाचवू? मला सगळे सारखेच दिसतात. शेवंताला विचारलं तर मान फिरवते, वाचणार नाही म्हणते.

आणि आता ती घरातला कुठलाच कागद टाकत नाही. बिस्किटाचा पुडा, एसटीचं तिकीट, सगळं उशीखाली.

मिलिंद, सही करशील तेव्हा करशील. तोवर उरणहून सुका जवळा पाठव, त्यावर तरी ती दोन घास खाईल. पण कागदात गुंडाळू नकोस. डब्यात घाल.