काळवंडलेला तंतू

प्रिय अपेक्षा,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. बैठकीनंतर घरी गेले तर नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "माझा तंतू नापास झाला." तर म्हणतो, "मग हसतेस काय?"

उपग्रहाचं तोंड कुठे आहे हे सांगणाऱ्या यंत्रातला तो काचेचा तंतू घडवताना माझे केस पांढरे झाले. जमिनीवर त्यातला प्रकाश कधी अडखळला नाही. पण वर किरणोत्सर्गाचा मारा असतो. तू तंतू गॅमा किरणांखाली ठेवलास आणि तो आतून काळवंडत गेला. प्रकाश पलीकडे पोचेना. आपलंच काही चुकलं असं वाटून तू दुसरा तुकडा लावलास, मग तिसरा. तुझा जेवणाचा डबा तसाच पडलेला असायचा. अहवाल वाचून मी गप्प बसले, तो तुला राग वाटला. वेडे, काचेत मीच मिसळलेल्या फॉस्फरसचा विचार करत होते मी. तोच किरणांखाली दगा देतो.

बैठकीत आपले संचालक बापूराव साहेब तुला म्हणाले, "मॅडमचं आयुष्यभराचं काम आहे, आकडे जरा सौम्य लिहा." तू उठलीस. आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवून म्हणालीस, "अवकाशातले किरण, तंतू कुणाचा आहे हे विचारत नाहीत, सर." यवतमाळहून आलीस तेव्हा प्रत्येक वाक्याला नुसतं 'हव मॅडम' म्हणायचीस. पुणं चांगलंच अंगात शिरलं म्हणायचं! शेजारच्याला कोपराने ढोसून सांगावंसं वाटत होतं, ही माझी विद्यार्थिनी. तो तंतू तसाच वर गेला असता, तर काही महिन्यांत उपग्रह आंधळा झाला असता. तू तो वाचवलास.

आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तुझा राजीनामा. 'आपल्याला दुखावल्यानंतर इथे राहणं योग्य नाही.' अगं, कुणाला दुखावलंस? तो मी पुढे पाठवलेला नाही, पाठवणारही नाही. फॉस्फरसविना नवा तंतू घडवायला मंजुरी मिळाली आहे. गटप्रमुख म्हणून मी तुझं नाव दिलं, साहेबांनी सही केली. यादीत तुझ्याखाली माझं नाव आहे. सोमवारी ये, आणि मला काम सांग.

तुझीच,
शर्मिला मॅडम