अण्णांच्या समाधीभोवतीचे काटे

चाकूर, सोमवार, संध्याकाळ

अक्षर वाकडं येतंय.

आम्ही लिंगायत, वडलांना, अण्णांना, आमच्याच शेतात पुरलं. समाधीवर बकऱ्या चढायच्या म्हणून तीन वर्षांखाली नांदेडच्या नर्सरीतून काटेरी पाम आणून मी चारी बाजूंनी लावले. खोडाला बोटाएवढे काळे काटे. बाहेरूनच पाणी घालायचो, लेकरासारखी वाढवली झाडं.

आज गेलो तर शिवा, माझा धाकटा भाऊ, कोयत्यानं तीच तोडत होता. आई मागं बेलाची पानं घेऊन उभी.

"आईला आत जायला वाट न्हाई, दादा," म्हणाला आणि पुढचा घाव घातला.

मी त्याची मान धरली आणि तोंड काट्यांवर दाबलं. झटापटीत झालं असं लिहिणार होतो. खोटं आहे. ठरवून दाबलं. डोळाच फुटला असता.

आईनं मध्ये हात घातला. काटा तिच्या तळहातात घुसला. मी उपसला तर टोक आतच मोडलं.

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या बापानं मला कधी अडवलं न्हाई रे."

तीन वर्षं ती बाहेरूनच बेल फेकून हात जोडायची. मी पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं.

शिवा तिला दवाखान्यात घेऊन गेला. तळहातात ते टोक तसंच. मग कोयता मी उचलला, उरलेली झाडं आडवी केली आणि पहिल्यांदा आत गेलो.

समाधीवर बकऱ्यांच्या जुन्या-ताज्या लेंड्या पडल्या होत्या.