किरण हे नाव ठेवू नकोस

चि. ठमीस,

तुला आणि जावईबापूंना पोटभर आशीर्वाद. तुझे पाय सुजतात असं काकूकडून कळलं, तेव्हा पाय उशीवर घे आणि हे पत्र पडल्या पडल्याच वाच. माझ्या तब्येतीची चौकशी केलीस, बरं वाटलं. पित्ताशय काढलं, पित्त मात्र राहिलं. ते कशानं खवळलंय तेच सांगायला बसलोय.

मुलगा होवो की मुलगी, नाव 'किरण'च ठेवायचं असं तुम्ही ठरवलंत. काकांचं नाव पुढे चालेल, काकांना आनंद होईल! अगं, तुझं पत्र वाचून मी कप असा आदळला की त्याचा कान हातात राहिला. वर जावईबापूंची पुरवणी (अक्षर सुरेख आहे हो त्यांचं, एवढं एकच त्यांच्या बाजूनं बोलतो): नाव मूळचं संस्कृत, अर्थ प्रकाशाची रेघ, मुलामुलींना सारखंच शोभणारं आणि कमालीचं लोकप्रिय. सगळं फोनवर वाचलं म्हणे. आता ज्यानं ते नाव जन्मभर अंगावर वागवलं त्याच्याकडून ऐका.

माझ्या नावाचं मूळ संस्कृतात नाही, तुझ्या आजोबांच्या आळसात आहे. मुलगा झाला तर काय, मुलगी झाली तर काय, असा दुहेरी ताप नको म्हणून त्यांनी आधीच हे नाव मुक्रर केलं आणि निवांत झोपले. अर्थ म्हणाल, तर शेजारचे संस्कृतचे मास्तर सांगतात की अगदी जुन्या काळी या शब्दाचा अर्थ बारीक धूळ असाही होता. धूळ! आणि लोकप्रियता? आमच्या छापखान्यात मशीनवर मी किरण, हिशेबाला बसणाऱ्या बाई किरण, कागद पुरवणारा किरण. मालक केबिनमधून ओरडले की तिघांच्या माना वर होतात आणि शिवी मला बसते, कारण माझं मशीन दाराशी आहे.

पण हे सगळं मी गिळलं होतं. दवाखान्यात जे झालं ते गिळवत नाही.

मी खड्यांच्या ऑपरेशनसाठी दाखल झालो त्याच दिवशी एक पोरगी बाळंतपणासाठी आली. नाव किरण, आणि आडनावही आपलंच (नात्यातली नव्हे, मी विचारून घेतलं). मला गुंगीचं इंजेक्शन देऊन स्ट्रेचर ढकलत नेलं. डोळे उघडले तर शेजारी रिकामा पाळणा! समोरच्या खाटेवरच्या बाईनं माझ्या मिशा बघितल्या आणि अशी किंकाळी फोडली की सगळी तान्ही एकदम उठली. परिचारिका धावत आली आणि हातातल्या कागदातून मान वर न करता म्हणाली, "कळा येताहेत का?"

आता खोटं कशाला बोलू? म्हटलं, "सकाळपासून येताहेत."

"मग जोर लावा."

तेवढ्यात काकू भेटायला आली. दारावरच्या माणसानं तिला सांगितलं, घाबरू नका, किरण बाळंतपणाच्या खोलीत आहेत. ती तिथंच बाकावर बसली आणि इतकी हसली, इतकी हसली, की तिलाच पाणी द्यावं लागलं. बायको हसली त्याचा राग नाही (आहे, पण तो वेगळा).

खरा संताप पुढे आहे. ती पोरगी कुठं होती? माझ्या जागी, ऑपरेशनच्या दाराशी. बिचारीला कळा सुरू झालेल्या, नवरा औषधं आणायला गेलेला, आणि कुणीतरी तिला दरडावून विचारतंय, पोट रिकामं आहे ना? ती रडत म्हणाली, "रिकामं दिसतंय का तुम्हाला?" दारावरच्या त्याच माणसानं हे येऊन सांगितलं आणि माझी गुंगी खाडकन उतरली. मागून उघडा असलेला तो झगा एका हातानं धरून मी जिना उतरलो आणि मशीनच्या खडखडाटावर मात करणारा माझा आवाज पहिल्यांदाच पुरा सोडला. सगळा मजला गोळा झाला. डॉक्टरीणबाई येईपर्यंत ती माझा हात धरून होती. ठमे, तिची बोटं गार पडली होती. तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. माझं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं.

आणि तिथला मोठा साहेब मला काय म्हणाला? "असली नावं ठेवल्यावर असं होणारच." म्हणजे डोळे यांनी मिटायचे आणि खापर माझ्या नावावर! मी म्हटलं, साहेब, नाव बदलणं सोपं की मान वर करून माणूस बघणं? त्यावर त्यानं घंटी वाजवून स्वतःसाठी चहा मागवला. माझे हात अजून शिवशिवताहेत.

म्हणून बजावून सांगतो, हे नाव ठेवू नका. ज्यात पोरगा की पोरगी ते आंधळ्यालाही कळेल असं काहीतरी शोधा. माझा शब्द शेवटचा समजा.

तुझा,
संतापलेला काका

ता. क. : पत्र बंद करता करता काकूनं सांगितलं की माझा राग तिच्याकडून फोनवर ऐकून जावईबापूंनी नाव रद्दसुद्धा केलं आणि दुसरं शोधताहेत. कुणाला विचारून? इतक्या लवकर हार मानणारा माणूस तू पसंत केलास कसा? काय वाईट आहे माझ्या नावात?

पुन्हा ता. क. : मुलगा असो की मुलगी, ठरलं होतं तेच राहू दे. फक्त मी येईपर्यंत त्या नावानं कुणी हाक मारायची नाही. टाके ओले आहेत, मी सावकाश येईन, पण थांबा. या नावाला मी जन्मभर ओ देत आलो. एकदा त्या नावानं हाक मला मारायचीय.