मिश्रीची डबी

मंगळवार, ओपीडीवरून आल्यावर

आज बिडकीनच्या मावशींचा रिपोर्ट आला. तोंडात, वरच्या टाळूला गाठ. गावात दोनदा दाढ काढली तरी सूज हटेना. मलाही आधी वाटलं, तंबाखूच्या मिश्रीचाच कॅन्सर असणार. पण तुकड्यावर खास तपासण्या केल्या अन् निघाला लिम्फोमा, पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. तोंडात क्वचितच होतो.

त्यांचा मुलगा शेजारीच बसलेला. "लई सांगितलं, मिश्री सोड. ऐकतच नाय."

मी म्हटलं, "मिश्री वाईटच. पण ही गाठ तिच्यानं झाली नाय. अन् हिच्यावर औषध आहे."

मावशी इतका वेळ तोंडावर पदर धरून होत्या. तो खाली घेतला. "व्हय? मंग म्या माझ्या हातानं नाय ना वढवून घेतलं?"

"नाय, मावशी."

मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला.

तेव्हापासून आईची पितळी डबी डोळ्यांपुढून हलत नाही. तिची हिरडी सुजली तेव्हा मी डेंटलच्या दुसऱ्या वर्षाला. सगळं कळत असल्यासारखी ओरडले, मिश्रीसकट डबी नाल्यात फेकली. नंतर कुणी भेटायला आलं की ती तोंडावर पदर धरून म्हणायची, "माझंच कर्म, बाई."

तिचाही लिम्फोमाच होता. रिपोर्ट आला तो ती गेल्यावर.

का नाही थांबले मी रिपोर्टपर्यंत? ती डबी तरी ठेवायची होती.

आज सारखं एकच वाटतंय. आईला एकदा, फक्त एकदा, पदर खाली घेताना बघायचंय.