फोनजवळ कुणीतरी हवं

भांडुप,
११ जून १९८७

प्रिय जया,

तुझं पत्र मिळालं. घरी फोन आला म्हणून चिडवलंस आणि नंबर मागितलास. बाई गं, तो नंबर मी तुला देणार नाहीये. रागावू नकोस, आधी ऐकून घे.

लोक फोनसाठी अर्ज करून म्हातारे होतात. आमच्याकडे तो कंपनीच्या वशिल्याने आला. सासूबाई तेव्हा गावाहून आल्या होत्या. त्यांनी फोनला हळदकुंकू लावलं आणि "माझो झील सायब झालो" म्हणत बिल्डिंगभर पेढे वाटले. मीही हौसेने त्यावर क्रोशाचा रुमाल विणून घातला. काय तो थाट!

हा मान कशामुळे मिळाला तेही सांगते. ह्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटरची एक खोली आहे. वीज गेली तरी कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून तिथे बॅटऱ्यांची दोन मोठी यंत्रं सतत चालू असायची. काम दोघांना निम्मं निम्मं, पण वीज दोघं मिळून भरपूर खायची, तापायची आणि त्यांना गार ठेवायला एसीची आणखी वीज. एका पातेल्याच्या भातासाठी दोन स्टोव्ह पेटवायचे आणि मग उकडतं म्हणून पंखा लावायचा, तशातली गत. ह्यांनी किती दिवस मीटर तपासले आणि साहेबांना पटवलं, की एकच यंत्र पुऱ्या कामाला लावा, दुसरं बंद करून हाताशी ठेवा. वीज इतकी वाचली की वरपर्यंत नाव झालं. मला अभिमान वाटला गं, अजून वाटतो.

पण साहेबाची अक्कल बघ. बंद यंत्र उगाच जागा अडवतंय म्हणून त्याने ते ठाण्याच्या कारखान्याला देऊन टाकलं. आता सगळी भिस्त एका यंत्रावर, आणि त्याची नाडी कळते ती फक्त ह्यांना. त्यात बाकीच्या कारखान्यांतली वीज वाचवायलाही ह्यांनाच पाठवतात. आज अंधेरी, उद्या ठाणे. हे जिथे पोचतील तिथून घरी कळवतात. इथलं यंत्र अडलं की भांडुपची माणसं मला विचारतात, "वहिनी, जयवंतराव कुठे आहेत?" मग मी ह्यांना शोधून काढायचं. फोनजवळ कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी.

आंघोळ करते तीसुद्धा दार किलकिलं ठेवून. भाजी दारावर येईल ती. बिल्डिंगमधल्या बायका आरे कॉलनीत सहलीला गेल्या, मी खिडकीतून हात हलवला. शेजारच्या सोनूबाईंचा मुलगा मस्कतला आहे. त्याचा आमच्याकडे फोन आला, माउली बोलता बोलता रडायला लागली, आणि मला लाइन मोकळी ठेवायची म्हणून त्यांना थांबवावं लागलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या जागी मी तरी बोलले असते का? कुकरची शिट्टी झाली तरी मी फोनकडे धावते.

आणि अशात मुलुंडच्या शाळेतून नेमणुकीचं पत्र आलं. तू मागे लागलीस म्हणून मी डी.एड. पुरं केलं, तेच फळाला आलं. सोमवारी रुजू व्हायचंय. हे ऐकून ह्यांना आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग ह्यांची नजर फोनकडे गेली. दुसऱ्या दिवशी साहेबाकडे जाऊन म्हणाले, ठाण्याचं यंत्र परत आणा, नाहीतर निरोपासाठी एक माणूस ठेवा. साहेब हसला. "कशाला? मिसेस घरीच असतात ना!"

हे मान खाली घालून मला सांगत होते. म्हणाले, या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू, कंपनीचं हे क्वार्टर गेलं तर जायचं कुठे? चांगला माणूस आहे गं, तोच तर घोळ आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं. मी एवढंच म्हटलं, "तुमचं राखीव यंत्र ठाण्याला गेलं, त्याच्या जागी मला बसवलंत." ते ताटावरून तसेच उठले.

मी शाळेला नकाराचं पत्र लिहून ठेवलं होतं. आज सकाळी ते फाडलं. सोमवारी मी शाळेत जाणार. क्वार्टरचं काय होईल ठाऊक नाही, भीती वाटते. पण तुला कळवलं की मला माघार घेता येणार नाही, तू घरी येऊन माझी खरडपट्टी काढशील, म्हणून हे पत्र. एरवी माझी पत्रं हेच पेटीत टाकतात. हे पत्र मी स्वतः टाकायला निघालेय. हे ठाण्याला आहेत. या शेवटच्या ओळी मी जिन्यात उभी राहून लिहितेय. दाराला कुलूप लावलंय आणि आत फोन वाजतोय.

तुझीच,
वनमाला