थेल्माचे गुरुवार

२ मार्च, सकाळी सात.
पत्नी थेल्मास जाऊन पाच महिने झाले. यापुढे शोक शिस्तीने करण्याचे ठरविले आहे. वॅरांबिनच्या कृषी प्रदर्शनात तिचा फ्रूटकेक अकरा वर्षे पहिला आला. यंदा तो मी करीन आणि पहिल्या क्रमांकाची निळी फीत तिच्या छायाचित्रास लावीन. कृती सासूबाईंच्या हस्ताक्षरात आहे. साक्षर माणसास अवघड ते काय?

५ मार्च.
केक मधोमध खचला. दोष ओव्हनचा.

९ मार्च.
दुसरा केक. शेजारचा क्लाइव्ह मेंढ्यांची लोकर कातरतो. त्याने केक ठोकून पाहिला. म्हणाला, "नॉर्मन, हा फाटकाखाली लाव. वाऱ्यानं आपटायचं नाही."
थेल्माची बहीण बेरिल हिला विचारणे अशक्य. आईची कृती कोणास मिळाली यावरून दोघी बावीस वर्षे बोलत नव्हत्या. निरोप मीच पोहोचवीत असे. नाते टिकले ते माझ्यामुळे.

१४ मार्च.
तिसरा. सुरी वाकली. तरीही बेरिलकडे जाणार नाही.

तोच दिवस, दुपार.
बेरिलकडे गेलो. केवळ सांत्वनासाठी. कृती योगायोगाने खिशात होती.
तिने आपला कागद शेजारी ठेवला. थेल्माच्या कागदात फळे चहात भिजवणे नाही. बेरिलच्या कागदात अंडी नाहीत.
"आईची लबाडी रे! अर्धी-अर्धी दिली, म्हणजे पोरी एकमेकींचं तोंड बघतील."
पण तुम्ही दोघी बोलत नव्हता, असे मी निदर्शनास आणले.
"चार वर्षं खरंच नव्हतो. मग दर गुरुवारी ती इथंच असायची. केक इथंच व्हायचा. पण निरोप पोचवताना तू इतका खुशीत असायचास! म्हटलं, असू दे बिचाऱ्याला काम."
गुरुवारी थेल्मा दंतवैद्याकडे जात असे. माझ्या वेळापत्रकात तशी नोंद आहे.
"अठरा वर्षं, नॉर्मन! बाईला दात असतात तरी किती?"
मला संशय होताच.

१९ मार्च, शनिवार.
प्रदर्शन. चौथा केक बेरिलच्या स्वयंपाकघरात, माझ्या हातांनी. थंड करण्यास जाळीवर उपडा घातला. परीक्षकांचा शेरा : "वर जाळीचे वण. बाद."
"अरे, फडकं नाही का घालायचं खाली?" बेरिल म्हणाली आणि हसत सुटली.
घरी एक तुकडा खाल्ला. चव तंतोतंत थेल्माची. चष्मा दोनदा पुसावा लागला. हल्ली काचा चांगल्या येत नाहीत.

२४ मार्च, गुरुवार.
कुठे निघालास, असे क्लाइव्हने विचारले. दंतवैद्याकडे, म्हणालो.
माझी कवळी आहे, हे त्यास ठाऊक आहे.