दिपोटींची सावड

पासली, ता. ६ जुलै १९३६

ती. सौ. अक्कास शरच्चंद्राचा सा. न. वि. वि.

तुझी चकल्यांची पिशवी पोचली. पिशवीच पोचली, चकल्या वाटेतच कोणीतरी तपासून घेतल्या.

शाळा देवळात भरते, त्यामुळे सध्या हजर फक्त मी आणि मारुतीराया. पोरं सगळी भातलावणीला. शनिवारी शाळाखात्याचे डेप्युटी, म्हणजे इथल्या भाषेत दिपोटी, तपासणीला येणार. शाळा रिकामी दिसली तर बोर्ड अनुदान तोडून ती बंदच करणार. मग ही पोरं जन्मभर अंगठे उठवणार, आणि ते माझ्याने पाहवणार नाही.

म्हणून एक युक्ती केली आहे. इथे सावड चालते. आज मी तुमच्या खाचरात राबलो, की उद्या तुम्ही माझ्या कामाला यायचं. मी आठवडाभर घरोघर लावणीला गेलो आणि मानसिंग पाटलांना सांगून ठेवलं की माझी सावड शनिवारी शाळेत फेडा. घरटी एक जण येणार. आता दिपोटी खुशाल येऊ देत.

तुझा, कंबर मोडलेला,
शरद

भोर, ता. ९ जुलै १९३६

चि. शरदास अनेक आशीर्वाद.

मॅट्रिक होऊन चिखलात उतरलास हे वाचून बाबा जेवण टाकून उठले आणि हे पोट धरून हसले. कचेरीतली कारकुनाची जागा ह्यांनी तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. शाळा बंद झाली तर सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं आणि घरी यायचं. कंबरेला चोळायला तेल पाठवते. चकल्या मात्र पाठवत नाही.

जीव सांभाळ, एवढंच मागणं.
तुझी अक्का

पासली, ता. २० जुलै १९३६

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

त्या शनिवारी देऊळ गच्च भरलं, पण त्यात मूल एकही नाही! सगळे मिशीवाले गडी, आणि पहिल्या रांगेत भातलावणीतल्या उस्ताद फुलाबाई. मी कपाळाला हात लावला, तर पाटील माझ्यावरच उखडले, की मास्तर, तुमी गड्यावानी राबला, त्याची फेड पोर धाडून करायला आमी बेइमान हाय व्हय? पोरं त्यांच्या जागी खाचरात होती.

दिपोटींनी हा पहिलीचा वर्ग पाहून चष्मा पुसला आणि पोरं शोधायला निघाले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पोरांनी पाढे धडाधड म्हटले, पण हात काही थांबवीनात. शेवटी पोरांजवळ जायला दिपोटीच धोतर खोचून चिखलात उतरले. लावणीत मोकळं उभं राहू नये म्हणून फुलाबाईंनी त्यांच्या हाती रोपांची मूठ दिली. घरोघरच्या खाचरात त्यांनी एकेक ओळ लावली आणि फुलाबाईंनी ती मागून उपटून पुन्हा लावली. सरकारी माणूस नापास झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. जाताना ते बजावून गेले, की पाढे उत्तम, पण पुढच्या शनिवारी पोरं शाळेत बसलेली दिसली तरच अनुदान.

संध्याकाळी पारावर खल झाला. दिपोटी सगळ्यांकडे राबले, तेव्हा त्यांची सावड फेडणं आलं. पण केवढी फेडायची? फुलाबाईंनी निकाल दिला, की त्यांचं काम बघता गडी धाडायची गरज न्हाई, पोर लई झालं.

परवा दिपोटी आले तेव्हा घरटी एक पोर देवळात हजर! अनुदान टिकलं, आणि मला मारुतीसमोर रडू आलं.

ती कारकुनी दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांग. दिपोटी पोरात जमा झाले, पण अक्का, मला ह्या गावाने अख्खा गडी धरला होता.

लोभ आहेच, तो चकल्यांच्या रूपाने वाढावा.
तुझा शरद